आक्काच्या तोंडावरचा बीप

टीव्हीतून ‘टूँऽऽ’ असा लांबलचक आवाज निघाला आणि सासूबाईंच्या हातातला चिवड्याचा चमचा तोंडापाशीच थांबला.

पडद्यावर माझी थोरली बहीण द्वारका, म्हणजे आमची आक्का, चुलीपुढं बसली होती. एका हातात भाकरी, दुसऱ्या हाताचं बोट सूत्रसंचालकाच्या ताटाकडं. तोंड मात्र नव्हतं. तोंडाच्या जागी धुरकट चौकोन नाचत होते. “खा की टूँऽऽ, हाडं वर आल्यात तुजी!” एवढं म्हणून ती खदखदून हसली, सूत्रसंचालकही हसला, आणि साबणाची जाहिरात लागली.

ठाण्याच्या त्या दिवाणखान्यात सगळ्यांना हौसेनं जमवलं होतं ते मीच. बायको ऋजुता बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तिची आई म्हणजे माझ्या सासूबाई समोरच्या खुर्चीत होत्या, आणि शेजारच्या मधुकाकू ‘रणजितरावांच्या ताई टीव्हीवर येणार’ म्हणून स्वतःचा स्वयंपाक टाकून आल्या होत्या.

“काय म्हणाल्या हो त्या?” शेवटी मधुकाकूंनीच तोंड उघडलं.

“मुडद्या,” मी म्हणालो.

“ते नाही हो. बीपच्या जागी काय होतं?”

“तेच होतं. खा की मुडद्या.”

नापास झालेला मुलगा ‘पेपर सोपा होता’ म्हणाला की त्याच्याकडं बघतात, तसं काकूंनी माझ्याकडं बघितलं. “मुडद्याला कोण बीप लावेल? शिवाय तोंडसुद्धा झाकलंय. छे छे, चांगलंच सणसणीत असणार काहीतरी. असू दे, आम्ही नाही विचारणार.”

सासूबाईंनी चमचा वाटीत ठेवला. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, उगाच बोलायची सवय नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “ऋजुता, बाळाला आत ने.”

मी तेव्हा त्याच वाहिनीत संकलक होतो. ‘पाहुणचार’ नावाचा कार्यक्रम होता, गावोगावच्या चुलीवरचं जेवण दाखवणारा. त्यांना कोल्हापूरकडचं घर हवं होतं आणि मी आमच्या माळशिंगीचं नाव सुचवलं. त्यात माझा एक स्वार्थही होता. रविवारी बाळाचं बारसं होतं. आक्का बाळाची सख्खी आत्या, कानात नाव तीच सांगणार. त्याआधी सासरच्यांनी तिला टीव्हीवर बघावं, तिच्या हातच्या भाकरीचं कौतुक करावं, म्हणजे बारशाला तिला जरा मान मिळेल, असं मला वाटलं होतं. करायला गेलो काय आणि झालं काय!

मुडद्या म्हणजे मी. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आणि ती मला जन्मापासून हेच म्हणत आली. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी ‘रणजित चौगुले’ असा पुकारा केला तर हा कोण आलाय बघायला मी मागं वळलो होतो. लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही ती मागून म्हणाली होती, “मुडद्या, फेटा सरळ कर.” सनईच्या आवाजात ते सासरच्यांना ऐकू गेलं नाही. माझ्यावरचा हक्क तिनं दुसऱ्यांवरही पसरवला होता. जो तिच्या ताटात जेवला तो मुडदा. सूत्रसंचालकाला खरं तर तिनं घरचा मानला होता.

जाहिराती संपायच्या आत तिचाच फोन आला.

“बघितलास काय रं मुडद्या? मी कशी दिसत हुतो?” आमच्याकडच्या बायका ‘मी दिसते’ म्हणत नाहीत, ‘मी दिसतो’ म्हणतात, ठाण्यात हेही मला दर वेळी समजावून सांगावं लागे. “पन मधीच ते टूं काय वाजलं? तुझं दाजी केबलवाल्याच्या घराकडं निगाल्यात भांडायला.”

“त्यांना थांबव. तुझा शब्द झाकला वाहिनीवाल्यांनी.”

“कंचा?”

“मुडद्या.”

“का? त्यात काय हाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिचा फोन. आता ती हसत नव्हती. सरपंचाच्या बायकोनं पाणवठ्यावर विचारलं होतं, “आक्का, टीव्हीवर कुनाची आई काढलीस म्हनं?” आक्कानं खरं सांगितलं, तर ती बाई म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं, मुडद्याला कोन तोंड झाकतंय व्हय!” म्हणजे ठाण्यातल्या मधुकाकू आणि माळशिंगीची सरपंचीण, दोघींचं एकमत.

इकडं सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. “रणजितराव, एक बोलू? राग मानू नका.” अशी सुरुवात झाली की राग येणार हे ठरलेलंच. “तुमची ती पुण्याची चुलतबहीण आहे ना, वैशाली? तीही बाळाची आत्याच. नाव तिनं सांगितलं तर?”

“आणि आक्का?”

“त्यांचा मान त्यांना आहेच की. साडी, ओटी, सगळं व्यवस्थित करू. फक्त कानात…” त्यांनी आवाज खाली आणला. “हे बाळ काचेच्या पेटीत कसं पडलं होतं, ते तुम्हीही बघितलंय. बाहेरच्या बाकावर मी रामरक्षा म्हणत बसायचे. आता त्याच्या कानात पडायचं ते शुद्ध पडावं, एवढंच माझं म्हणणं.”

ह्यावर ओरडता येत नाही, हीच तर पंचाईत. बाळ सातव्या महिन्यातच आलं होतं, ओंजळीत मावेल एवढं. सासूबाई त्या बाकावरून हलल्या नव्हत्या, हे खरं होतं. पण सख्खी आत्या समोर असताना तिला बाजूला सारून दुसरीनं नाव ठेवायचं, ह्याचा अर्थ आमच्याकडं एकच होतो: ह्या घरात तुझं काही उरलं नाही. आक्का भांडली नसती. साडी घेतली असती, एसटीत बसली असती, आणि पुन्हा ह्या दारात पाऊल टाकलं नसतं. मला आईपेक्षा जास्त तिनं अंगाखांद्यावर वाढवलं. तिला गमवायची माझी तयारी नव्हती.

ऋजुताला विचारलं तर ती म्हणाली, “मला आक्काच हव्यात. पण आईचं मनही मोडवत नाही. तू असं कर, तो शब्द खरंच मुडद्या होता हे आईला दाखव. तुझ्याच ऑफिसात तर टेप आहे.” म्हणजे फिरून सगळं माझ्याच गळ्यात.

आमच्या ऑफिसात काय ऐकवायचं आणि काय नाही ते प्रधानसाहेब ठरवत. त्या वर्षी एका मालिकेतला खलनायक ‘हरामखोर’ म्हणाला म्हणून कुठल्याशा संघटनेनं मोर्चा आणला होता आणि प्रधानांच्या केबिनबाहेरची कुंडी फोडली होती. तेव्हापासून त्यांनी कान इतके टवकारले होते की एका मालिकेतल्या आजोबांचं ‘गाढवा’सुद्धा त्यांनी खाल्लं होतं.

“सर, मुडद्या ही शिवी नाही,” मी म्हणालो.

“मृत्यूची इच्छा व्यक्त होते त्यातून.”

“सर, ती जेवायला वाढत होती.”

“तेच म्हणतो मी. जेवणाच्या वेळी मृत्यूची इच्छा!”

“आमच्याकडं लाडानं म्हणतात हो.”

“तुमच्याकडं. वाहिनी सगळीकडं दिसते.”

“पण तुम्ही बीप लावला म्हणून लोकांना वाटतंय, ती काहीतरी भयंकर घाण बोलली. तुम्ही झाकलंत म्हणून ती शिवी झाली, सर. आधी नव्हती.”

प्रधानांनी चष्मा काढून शांतपणे पुसला. “हे बघा चौगुले, लोकांना काय वाटतं ती माझी जबाबदारी नाही. लोकांना काय ऐकू येतं ती माझी. आणि ऐकू तर काहीच आलेलं नाही.”

हेच प्रधान, बरं का! आता इतक्या वर्षांनी, परवा त्यांचा फोन आला. निवृत्तीनंतर ते वेबमालिका काढणाऱ्या एका कंपनीला सल्ला देतात. “चौगुले, ग्रामीण मालिका करतोय. लेखक सगळे शहरातले, शिव्या फार पुस्तकी लिहितात. अस्सल हव्यात. तुमची ती बहीण होती ना, चुलीवरची? मानधन देऊ.” मी फोन कानापासून लांब धरून नुसता त्याच्याकडं बघत राहिलो. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, “पैसं घिऊन शिव्या? आन् कुनाला घालायच्या?” म्हटलं, नटांना. “वळख ना पाळख, त्यास्नी कशाला घालू? त्यांचं माजं नातं काय?” ठाण्याच्या त्याच दिवाणखान्यात आज मालिकेतला नायक दर वाक्याला समोरच्याची आई-बहीण काढतो, आणि मधुकाकू शेंगा सोलत विचारतात, “हा मघाचाच पोलीस का हो?” कुणाचा चमचा थांबत नाही. कधीकधी वाटतं, प्रधानांचे ते सगळे बीप गोळा करून त्यांच्याच दारात ओतावेत.

पण तेव्हा मी त्यांच्यापुढं हात जोडून उभा होतो. “निदान शनिवारी दुपारी पुन्हा दाखवाल, त्यात तरी बीप काढा.”

“काढला तर आधी का लावला होता, असं विचारतील.” मग माझा चेहरा बघून ते विरघळले. “बरं, बघतो काहीतरी. तुमच्यासाठी.”

मी मूळ चित्रणातला तेवढा तुकडा सीडीवर उतरवून घेतला आणि घरी येऊन, एखाद्या वकिलाच्या थाटात, सासूबाईंपुढं लावला. मधुकाकूंना बोलवावं लागलं नाही, त्या होत्याच. “खा की मुडद्या, हाडं वर आल्यात तुजी!” आक्काचा आवाज खणखणीत, तोंड उघडं, हसू मोकळं.

“एवढंच?” मधुकाकूंचा विरस झाला.

मी विजयानं सासूबाईंकडं वळलो. त्यांचा चेहरा आधीपेक्षा उतरला होता.

“मुडदा म्हणजे प्रेत ना, रणजितराव?”

“अहो, पण तसा अर्थ मनात नसतो कुणाच्या.”

“तुम्हालाही त्या असंच म्हणतात?”

“जन्मापासून.”

“आणि बाळालाही म्हणतील.”

म्हणणार, हे मला माहीत होतं.

“घाणेरडी शिवी असती ना, तर एक वेळ मी कानाआड केली असती,” त्या म्हणाल्या. “हे तर अभद्र आहे. नुकतं त्या पेटीतून बाहेर आलेलं लेकरू, त्याच्या कानाशी हे?” त्यांचे डोळे भरले होते. जीव तोडून जे सिद्ध केलं ते माझ्यावरच उलटलं. बीप होता तोवर आक्का शिवराळ होती, बीप काढला तर अपशकुनी झाली. डोकं कुठं आपटावं तेवढं कळेना.

वैशालीला मी फोन केला नाही. सासूबाईंनी केला. रविवारी ती येणार असं ठरलं.

शनिवारी आक्का आली. “काय रं मुडद्या, किती वाळलास!” ही आरोळी तिनं तळमजल्यावरून मारली आणि ती चौथ्या मजल्यापर्यंत पोचली. सासूबाई दार उघडून उभ्या होत्या, त्यांनी ओठ घट्ट मिटले. आक्काच्या पिशवीत घुगऱ्यांचे हरभरे होते, स्वतः शिवलेली कुंची होती, आणि तळाशी जुनेरात गुंडाळलेला घरचा वरवंटा होता.

“हा कशाला उचलून आणलास?” मी विचारलं. पिशवी तळमजल्यापासून मीच चढवली होती, माझा खांदा निघून आला होता.

“तुमच्याकडं मिक्सर असतोय, वरवंटा कुटला! पाळण्यात आदी ह्यो निजवायचा, मग लेकरू. दगडावानी घट ऱ्हातंय.”

मग तिनं बाळाला मांडीवर घेतलं. दवाखान्यात तिनं त्याला काचेतून बघितलं होतं, हातात आज आलं होतं. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. सासूबाई कौतुकाच्या दोन शब्दांची वाट बघत होत्या.

“काळं हाय की,” आक्का म्हणाली. “आन् नाक बसकं.”

सासूबाई उठून आत गेल्या. मी कपाळाला हात लावला. बाळ गोरंपान होतं, आणि नाक तर सासूबाईंचंच, चांगलं सरळ. एक गोड शब्द बोलायला हिच्या गाठीचं काय जाणार होतं, देव जाणे!

दुपारी ‘पाहुणचार’ पुन्हा लागला. टीव्ही लावू नये असं मला वाटत होतं, पण आक्कालाच हौस. “आता ते टूं वाजत न्हाई न्हवं?” म्हणत ती पुढं सरकून बसली. चूल आली, भाकरी आली, सूत्रसंचालकाचं ताट आलं. प्रधानांनी शब्द पाळला होता. बीप नव्हता. धुरकट चौकोनही नव्हते. आक्काचं तोंड स्वच्छ दिसत होतं, आणि त्या तोंडातून एक नाजूक, साखरेत घोळलेला, भलत्याच बाईचा आवाज आला, “खा की सोन्या…” आणि पुढं लगेच आक्काचा स्वतःचा भरड आवाज, “हाडं वर आल्यात तुजी!”

“अगंबाई, आता किती गोड वाटतं!” मधुकाकू म्हणाल्या.

“हे बरं केलं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून हायसं वाटलं होतं.

मी आक्काकडं बघितलं. मला वाटलं, ती आता हसेल, नाहीतर त्या आवाजवालीचा उद्धार करील. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

“ही कोन बया माझ्या तोंडात?” ती हळूच म्हणाली. आणि मग, “सोन्या?” असं नुसतंच. तिनं पदर तोंडाला लावला आणि उठून आतल्या खोलीत गेली.

त्यानंतर आक्का बोलेनाशी झाली. जिच्या आवाजानं माळशिंगीत म्हशी गोठ्यात परततात ती बाई पलंगाच्या कडेला पदर तोंडावर धरून बसली. काय झालं विचारलं तर “काय न्हाई.” बरं नाही का विचारलं तर मान हलवली. संध्याकाळी मी खोलीत गेलो तेव्हा ती म्हणाली, “रणजित, जरा पानी दे.”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला नावानं हाक मारली.

“आक्के, असं करू नको,” मी अक्षरशः चिडून म्हणालो. “शिव्या दे मला. प्रधानाला दे, त्या आवाजवालीला दे. पण बोल!”

“तुझ्या सासूबाईंचं बराबर हाय,” ती म्हणाली. “माझ्या तोंडानं नाव नगं. त्या वैशालीला सांगू दे.”

“तुला कुणी सांगितलं हे?”

“हितल्या भिंती काय लई जाड न्हाईत.”

मी सासूबाईंवर चिडलो, ऋजुतावर चिडलो, प्रधानावर तर होतोच. पण सगळ्यात जास्त आक्कावर. चार लोकांत तोंड मिटायला सांगितलं तर आयुष्यभर मिटलं नाही, आणि आता उघड म्हटलं तर उघडत नाही. ह्या बायकांच्या मध्ये मी नुसता पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो.

रविवारी सकाळी घर बायकांनी भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. आक्काचा वरवंटा कुंची घालून पाळण्यात निजवला गेला. त्याला सासूबाईंनी हरकत घेतली नाही. मग बाळ आलं. “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या” म्हणत बायकांनी त्याला पाळण्याच्या वरून खालून एकमेकींच्या हातात दिलं. वैशाली नव्या साडीत अवघडून पाळण्यापाशी उभी होती आणि माझ्याकडं बघायचं टाळत होती. आक्का दाराच्या कोपऱ्यात, पदर तोंडावर.

आणि मग कौतुक सुरू झालं.

“किती गुटगुटीत झालाय!” एक म्हणाली.

“पेटीतलं बाळ वाटतंय का सांगा!” दुसरी म्हणाली.

“राजबिंडा आहे हो!”

कोपऱ्यात आक्काची चुळबुळ मला दिसत होती. तिची बोटं पदराला पीळ घालत होती. मधुकाकू पाळण्यात वाकल्या आणि बाळाच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, “अगदी सोन्यासारखा गं! सोन्या माझा तो! सोन्या, सोन्या!”

“ए भवाने, गप की!”

सगळं घर दचकलं. वरच्या मजल्यावरही ऐकू गेलं असणार. आक्का बायका सारत पाळण्यापर्यंत आली होती.

“सोन्या म्हनू नगंस त्येला! दृष्ट लावतीस व्हय लेकराला? ह्यो कुटला सोन्या? काळं हाय, बसक्या नाकाचं हाय!”

“द्वारकाताई!” सासूबाई कडाडल्या. पहिल्यांदाच मला कळलं की त्यांच्या शाळेत मुलं का गप्प बसत असतील.

आक्का मात्र थांबली नाही. तिचा आवाज उतरला, पण थांबली नाही. “ह्येच्या आदी आमच्या आईला तीन पोरगं झालं,” माझ्याकडं हात करून ती म्हणाली. “आई लई लाड करायची. पयल्याला म्हनायची सोन्या. दुसऱ्याला राजा. तिसऱ्याला पुन्ना सोन्या. एकबी वरीसभर ऱ्हायला न्हाई, विहीणबाई. मी बारकी हुतो, पन तिघंबी माझ्याच मांडीवरनं गेली. मग ह्यो झाला. असाच, उंदराएवढा. मी आईला म्हनलं, आता ह्येला ग्वाड बोलायचं न्हाई कुनी. ह्येला म्हनायचं मुडद्या. यम दारात आला तर त्येला वाटाय पायजे, हितलं काम झालंय, हितला तर आदीच मेलाय. त्येनं उंबऱ्यावरनंच माघारी जायाला पायजे.” तिनं नाक पदरानं पुसलं. “तवापासनं मी कुटल्या लेकराला सोन्या म्हनलेलं न्हाई. माझ्या पोरींनाबी न्हाई. आन् काल त्या टीव्हीवालीनं साऱ्या मुलखापुढं माझ्या तोंडात सोन्या घातला. आज बारसं, आन् काल माझ्या तोंडात सोन्या!”

माझ्याआधी भावंडं गेली होती, हे मला माहीत होतं. पण मुडद्या कशासाठी, हे आक्कानं मला कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक सांगितलं की त्याचा गुण जातो, असं तिला वाटत असावं. छत्तीस वर्षं ती मला दिवसातून दहा वेळा यमापासून लपवत होती आणि मी चारचौघांत लाजून मरत होतो. मला तिथंच रडू आलं, आणि बायकांच्या घोळक्यात ते लपवायला जागा नव्हती.

मधुकाकूंनी बाळाच्या हनुवटीवरचा हात कधीच काढून घेतला होता. सासूबाई पाळण्यापाशी ताठ उभ्या होत्या. मग त्या वळल्या.

“वैशाली, तू पाळण्याची दोरी धर,” त्या म्हणाल्या. “द्वारकाताई, इकडं या. नाव सांगा.”

आक्का जागची हलली नाही. “तुमाला चालंल?”

“चालायचा प्रश्न कुठं येतो? आत्या तुम्ही आहात.” सासूबाईंनी तिचा हात धरून तिला पाळण्यापाशी आणलं.

आक्का वाकली. “कुर्रर्र…” तिनं बाळाच्या कानात केलं, आणि ठरलेलं नाव सांगितलं, सारंग. बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. ऋजुताची सगळ्यात जोरात होती. बुक्क्या थांबल्या तरी आक्का वर उठली नाही. ती बाळाच्या कानात आणखी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंना आलं असणार. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी काजळाचं बोट पुढं केलं आणि बाळाच्या गालावर चांगला मोठा काळा ठिपका लावला.

उठता उठता आक्कानं मला बघितलं. “रडतोस काय रं मुडद्या बायकांत? जा, घुगऱ्या वाट!”

दुपारी पानं मांडली. बाहेर पंगतीत आक्का मधुकाकूंना वाढत होती आणि “खा की भवाने, लाजतीस काय!” म्हणत होती, आणि मधुकाकू चक्क खात होत्या. सासूबाई कुठं दिसेनात म्हणून त्यांना जेवायला बोलवायला मी आत गेलो.

त्या एकट्याच पाळण्यापाशी होत्या. बाळाला उचकी लागली होती. त्यांनी खिडकीकडं बघितलं, मग पाळण्यावर वाकल्या. दारात मी होतो, पण त्यांची माझ्याकडं पाठ होती.

“झोप रे,” त्या म्हणाल्या. मग थांबल्या, घसा साफ केला, आणि जन्मभर मुलांना शुद्ध वाचन शिकवलेल्या त्या आवाजात अडखळत म्हणाल्या, “मु… मुड्द्या.”

उच्चार काही बरोबर आला नव्हता. त्यांनाही तो पटला नसावा, कारण त्या आणखी खाली वाकल्या आणि सावकाश, नीट, पुन्हा एकदा म्हणाल्या.